मागच्या गल्लीतल्या काकूंना, सगळ्यांसमोर थँक्यू

काकू, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर एवढं मोठं वाचत नाही हे मला माहितीये, चष्मा शोधण्यातच तुमचा अर्धा वेळ जातो, पण तुमचा नातू वाचून दाखवेल आणि त्याने मधलं काही गाळलं तर मला कळेल कारण मी नंतर विचारणारे. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, पोहे खाऊन जा" म्हणून विषय बदलता आणि वरून जीरावन मसाला टाकून प्लेट हातात देता, मग माणूस काय बोलणार. म्हणून इथे लिहितेय. आता बदला विषय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. काकू म्हणजे इंदूरला आमच्या मागच्या गल्लीत राहतात त्या, मिल बंद पडली, काकांची नोकरी गेली, तेव्हापासून त्यांच्या पायमशीनवर घर चाललं, दोन मुलांची शिक्षणं झाली. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म सगळं शिवलं. आता डोळ्यांमुळे बाहेरचं काम घेत नाहीत. आणि अशा बाईकडे मी गेले, मी म्हणजे जिला साडीला फॉल लावता येतो आणि तुटलेलं बटण लावता येतं, बस्स एवढंच, आणि जाऊन सांगितलं की दादाकडे बाळ येणारे, आत्याकडचा बाळंतविडा मी स्वतः शिवणारे, शिकवा. त्या हसल्या नाहीत. हे पहिलं थँक्यू.

दुसरं थँक्यू आमच्या घरातलं भांडण मिटवल्याबद्दल. आईचं म्हणणं होतं की बाळ होईपर्यंत नवीन कपडा शिवायचा नाही, आमच्याकडे चालत नाही. वहिनीचं म्हणणं होतं की हॉस्पिटलची बॅग आधीच भरून ठेवायची, सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, नाहीतर ती सरळ ऑनलाईन रेडिमेड सेट मागवेल. दोघी आपापल्या जागी बरोबर आणि मी मध्ये. काकू तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, "नवं शिवायचं नाही ना? मग जुन्याचं शिवू. बाळाला पहिल्यांदा जुनंच घालतात." झालं, विषय संपला! बाबांची विरलेली धोतरं आणि आईच्या दोन सुती साड्या बाहेर आल्या, आई खूश, वहिनी खूश. आणि खरंच आहे ना, वर्षानुवर्षं धुतलेल्या कापडात खळ राहत नाही, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. नवी मलमल कितीही मऊ म्हणून विकली तरी पहिल्या धुण्याआधी ती कडकच लागते.

नवी मलमल पण घेतलीच, दुपट्यांसाठी, ती बारशानंतर शिवायची म्हणून. तुकोजीराव क्लॉथ मार्केटला तुम्ही माझ्यासोबत आलात आणि दुकानदाराने ठाण उलगडल्यावर तुम्ही कापड उजेडाकडे धरून बघितलंत, मग चुरगळून सोडलंत, मग गालाला लावलंत. दुकानदार पण बघत राहिला. पन्ना (कापडाची रुंदी) चव्वेचाळीस इंची, म्हणजे एक मीटर फाडलं की जवळजवळ चौकोनच हातात येतो, एका मीटरला एक दुपटं, हिशोब सोपा. घरी आल्यावर रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालायचं, सकाळी धुवून वाळवायचं आणि मगच कात्री लावायची, कारण सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि आधी कापलं तर चौकोनाचा पतंग होतो. फॅब्रिक कंडिशनर घालू का विचारलं तर तुम्ही म्हणालात कशाला, त्याने कापड पाणी कमी शोषतं, लंगोटाला तर मुळीच नको.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही एकदाही माझं शिवलेलं सुलट्या बाजूने बघितलं नाही. मी काहीही दाखवलं की तुम्ही आधी ते उलटं करायच्या, आत हात घालायच्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघायच्या. मग "टोचतंय" किंवा "चालेल". माझी टीप वाकडी गेलेली तुम्हाला दिसायची सुद्धा नाही, म्हणजे दिसत असणारच पण तुम्ही त्यावर बोलला नाहीत. आतल्या बाजूला एक सुटा दोरा दिसला की मात्र लगेच कात्री. हातमोज्यांच्या बाबतीत तर इतकं की मला वाटलं जरा जास्तच होतंय, तेव्हा तुम्ही सांगितलंत की आतला सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, मग तो ओला होतो, आवळतो, बोटाचं रक्त अडतं आणि बाळ रडत राहतं, कोणाला कळत नाही का रडतंय. नंतर मुलांच्या डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले की असं खरोखर होतं, केसाने पण होतं, म्हणून खूप रडणाऱ्या बाळाची हातापायाची बोटं उघडून बघायची. तेव्हापासून मी रेडिमेड कपडा घेतला तरी आधी उलटा करते, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणो.

झबल्याची शिवण तर तुम्ही पूर्ण उलटीच शिकवलीत. सुलट्याला सुलट बाजू लावून काठावर पहिली टीप, कडा छाटायच्या, मग परतवून पाव इंचावर दुसरी टीप, म्हणजे कापडाची कच्ची कड आतल्या आत बंद आणि शिवणीचा उंचवटा बाहेर. आत बाळाच्या अंगाला एकदम सपाट. बाही वेगळी जोडायचीच नाही, घडी घालून अंग आणि बाही एकाच कापडातून कापायची, काखेत जोड येत नाही. पुढून उघडं, बाजूला बांधायचे बंद, कारण पहिल्या महिन्यांत मान सावरलेली नसते तर डोक्यातून घालायची कसरत कशाला. बघायला आलेल्या एका मावशींनी विचारलं सुद्धा, "झबलं उलटं घातलंय का गं?" वहिनीने त्यांना जो लेक्चर दिलाय ना काकू, तुमचेच शब्द, अगदी मनगट घासून दाखवण्यासकट.

सुईचं पण सांगते, कोणाच्या कामी आलं तर. घरच्या मशीनला बहुतेक चौदा किंवा सोळा नंबरची सुई लागलेली असते, त्याने मलमलीला भोकं पडतात आणि कापड खाली दातात ओढलं जातं. नऊ नंबरची लावा, नसेल तर अकरा. आणि लंगोट कापताना, दीड-पावणेदोन फुटांचा चौकोन तिरका कापला की दोन निघतात, पण ती तिरकी कड ओढली की वाढत जाते, म्हणून दुमडून टीप मारताना हाताने ओढायचं नाही, मशीनला नेऊ द्यायचं. हीच तिरकी कड लाळेऱ्याच्या गळ्याला मात्र हवी असते, उरेबी पट्टी गोलाईवर चुण्या न पडता बसते ती त्यामुळेच. लाळेऱ्याला मागे जुना टॉवेल, गळ्याला नाडी अजिबात नाही, खांद्यावर टिचबटण, म्हणजे कुठे अडकून ओढलं गेलं तर आपोआप सुटेल. टोपड्याला पण हनुवटीखाली बंद लावले नाहीत तुम्ही, आणि तुमच्या काळात तर सगळे लावायचे.

हे मला फार आवडलं तुमचं. राईच्या उशीचं पण तसंच झालं. गल्लीतल्या अर्ध्या पोरांची डोकी तुम्ही शिवलेल्या राईच्या उशीवर गोल झालीत असं सगळे म्हणतात, आणि मी घाबरत घाबरत सांगितलं की डॉक्टर म्हणाले पहिलं वर्ष उशी नको, लोड नको, झोपताना तोंडाजवळ जाड मऊ काहीच नको, बाळाला पाठीवर झोपवायचं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तुम्ही म्हणालात, "बरं, मग राईची फोडणी घालू." माझ्या आईला हेच पटवायला आठवडा गेला. गोधडी शिवलीच आपण, पण पातळ, दोनच पदर, मांडीवर घ्यायला आणि दुपारी खाली घालून जागं बाळ खेळवायला.

आणि कुंची! आत्याची कुंची म्हणजे प्रेस्टिजचा प्रश्न. मला आजीची माहेश्वरी वापरायची होती, आमच्यापासून महेश्वर नव्वद-एक किलोमीटर, आजीची प्रत्येक चांगली साडी तिथलीच. पेटी उघडली आणि तुम्ही दारातूनच नाक मुरडलंत, डांबराच्या गोळ्या. तुम्ही म्हणालात आधी गोळ्या फेक, साडी बाहेर काढ, धू, वाऱ्यावर टाक, वास पूर्ण गेल्याशिवाय माझ्याकडे आणू नको. मला वाटलं वासाचाच प्रॉब्लेम असेल. पण डॉक्टरांकडून कळलं की काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक एन्झाइम कमी असतं, अशा बाळांना या गोळ्यांच्या वाफेने सुद्धा लाल पेशी फुटून कावीळ वाढू शकते, आणि बाळाला तो त्रास आहे हे आधी दिसत नाही. तुम्हाला एन्झाइम वगैरे माहीत नव्हतं, तुमच्या सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणून तुम्ही पाळत होता. मी मात्र आता सगळ्यांना सांगत सुटलेय, बाळाच्या कपड्यांच्या कपाटात त्या गोळ्या ठेवू नका, प्लीज.

साडी वाऱ्यावर पडून पडून शेवटी तुमच्या नाकाला पटली. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून कुंचीचा घेर पाठीवर उलटला तरी काठ छानच दिसतो, हे तुम्ही कापायच्या आधीच हेरलं होतं. आत बाबांच्या धोतराचं अस्तर. डोक्यामागच्या चुण्या मी हाताने धावदोरा घालून ओढल्या आणि तुम्ही शेजारी बसून मटार सोलत होता. हे तिसरं थँक्यू, सगळ्यात मोठं. तुमचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं, तुम्ही तासाभरात अख्खी कुंची उडवली असती. पण सुई माझ्या हातातून एकदाही घेतली नाहीत. बारशाला नाव सांगितल्यावर पाठीत जे धपाटे पडले ते मी कुंचीकडे बघत आनंदाने खाल्ले, आणि त्यातला सर्वात जोरदार तुमचा होता, हेही इथे नोंदवून ठेवते.

शिलाईचे, शिकवण्याचे, कशाचेच पैसे तुम्ही घेतले नाहीत, विचारलं तर रागावलात. म्हणून मी तुम्हाला न विचारता एक काम केलंय. तुमच्या मशीनचा पट्टा सैल झालाय, मधेच सुटतो, मंगळवारी मेकॅनिक येईल, पट्टा बदलेल, पूर्ण सर्व्हिसिंग करेल आणि त्याचे पैसे देऊन झालेत. त्याला दारातून परत पाठवू नका. नऊ नंबरच्या सुयांचं पाकीट त्याच्याजवळच दिलंय, आणि सहा महिन्यांच्या मापाची झबली बेतायला मी रविवारी येतेय, पोहे तयार ठेवा.

तुमचीच,
मागच्या गल्लीतली आत्याबाई