लूपर पेडलमधील दोष आणि विक्रीपानावरील चुकीच्या माहितीबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: लूपर सदोष असल्याने पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत आणि विक्रीपानावरील मजकूर दुरुस्त करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी एका बटणाचा लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा भरून घेऊन तो पुन्हा पुन्हा वाजवत राहणारे पायाने दाबायचे यंत्र, विकत घेतला. त्यात दोष निघाला म्हणून आपण तो बदलून दिलात. दुसऱ्या नगातही नेमका तोच दोष निघाला, तेव्हा मात्र ‘उत्पादन सुस्थितीत आहे, अडचण वापरणाऱ्याच्या टायमिंगची आहे’ असे दोन ओळींचे उत्तर पाठवून आपण तक्रार बंद केलीत. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहिते. हे पत्र आपल्याकडच्या अशा माणसाने वाचावे, ज्याने लूपर स्वतः पायाने दाबून पाहिला आहे, एवढी विनंती.

मी पेटी वाजवते आणि माझी मुलगी तबला शिकते. तिच्या रियाजाला लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला सतत फिरत राहणारी एका आवर्तनाची धून, लागतो. नोकरी सांभाळून रोज तासभर पेटीवर बसणे मला जमत नाही, म्हणून लूपर घेतला. तीनतालाचे एक आवर्तन (16 मात्रांची एक फेरी) पेटीवर वाजवायचे, समेवर (पहिल्या मात्रेवर) बटण दाबायचे, की तोच लेहरा फिरत राहील आणि तिला एकटीला बसता येईल. मोबाइलवर लेहऱ्याची ॲप आहेत आणि आम्ही ती वापरतोही. पण क्लासमध्ये सर चंद्रकंसातला जो लेहरा धरतात तो तिच्या कानात बसला आहे, आणि आज तबल्यावरचा कायदा (बोलांची रचना) ज्या लयीत पक्का करायचा त्याच लयीत मला तो भरून ठेवता येतो. ही सोय ॲपमध्ये नाही. लूपर म्हटले की लोकांना गिटारवालेच आठवतात, पण तबल्याच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग काकणभर जास्तच आहे.

आता दोषाकडे येते. आपल्या पानावर ‘विनाखंड लूप’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. प्रत्यक्षात प्रत्येक फेरी संपून पुढची सुरू होताना मध्ये शांतता येते. ‘टक्’ असा बारीक आवाज आला असता तर मी एकवेळ समजून घेतले असते. चालू सूर मध्येच कापला की त्याची दोन टोके जुळत नाहीत आणि असा आवाज येऊ शकतो. चांगले लूपर जोडावर शेवट आणि सुरुवात क्षणभर एकमेकांत मिसळून तोही झाकतात. इथे तसे काहीच नाही. आवाज थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो.

हा माझ्या टायमिंगचा दोष नाही, हे सिद्ध करता येते. पेटी बाजूला ठेवून मी लूपरमध्ये तानपुऱ्याचा अखंड सूर सोडला, बटण दाबून रेकॉर्डिंग सुरू केले आणि थोड्या वेळाने पुन्हा दाबून लूप बंद केला. मी बटण लवकर दाबले असते तर लूप आखूड झाला असता, उशिरा दाबले असते तर लांबला असता. पण दोन्ही वेळा त्यात तानपुराच भरला गेला असता, कारण तो थांबलेलाच नव्हता. मग शांतता आली कुठून? लूपरचे आउटपुट संगणकात घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये पाहिले. तानपुऱ्याचा जाड पट्टा, मग एकदम सरळ रेघ, मग पुन्हा पट्टा. दर फेरीला, त्याच जागी, तेवढ्याच लांबीची रेघ. ती मोजली तर साधारण एक दशांश सेकंद भरते. पहिल्या नगाची आणि दुसऱ्या नगाची रेघ सारखीच आहे, म्हणजे एखादा नग बिघडलेला नसून या मॉडेलची रचनाच अशी आहे. ध्वनिफिती आणि पडद्याची छायाचित्रे मी आपल्याला आधीच पाठवली होती. आपल्या माणसाने ‘दिवा लागतो आहे, लूप वाजतो आहे’ एवढेच पाहिलेले दिसते.

एक दशांश सेकंद ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून तिचा अर्थ सांगते. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत तीनतालाचे आवर्तन 16 सेकंदांचे होते. तिथे ही फट मात्रेचा दहावा भाग आहे, ती खटकते पण निभावता येते. द्रुत लयीत, मिनिटाला 240 मात्रांना, आवर्तन 4 सेकंदांत संपते आणि एक मात्रा पाव सेकंदाची असते. म्हणजे दर समेला जवळजवळ अर्ध्या मात्रेचा खड्डा. मुलीने लय पक्की धरली तर दहा आवर्तनांत ती लेहऱ्याच्या चार मात्रा पुढे निघून जाते. लेहऱ्याला धरून राहायचे तर प्रत्येक समेच्या आधी तिला हात रोखावा लागतो. तिहाईचा (तीनदा वाजवायच्या तुकड्याचा) शेवटचा धा समेवर पडायच्या ऐवजी अडखळून, वाट पाहून पडतो. शिकणाऱ्या हाताला अशी सवय लागली की ती मोडायला फार कष्ट पडतात. रेला (जलद बोलांची रचना) वाजवताना ती समेपाशी थबकायला लागली आणि सरांनी विचारले, “हे काय नवीन?” त्या दिवसापासून मी हा लूपर बंद ठेवला आहे. पैशांपेक्षा मला याचे जास्त वाईट वाटते. लयीचा सराव व्हावा म्हणून जी वस्तू आणली, तिनेच लय बिघडवली.

आपण मला ‘फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) अपडेट करून पाहा’ असेही सुचवले होते. ती फाइल आपल्या संकेतस्थळावर नाही, माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही आणि मी दोनदा मागूनही आपण ती पाठवलेली नाही.

जोडाव्यतिरिक्त विक्रीपानावरच्या आणखी काही गोष्टी चुकीच्या आहेत. ‘माइक थेट लावा’ असे लिहिले आहे. या लूपरला फक्त गिटारचा पाव इंची जॅक आहे, माइकचा बारीक आवाज वाढवणारा प्रीॲम्प नाही आणि कंडेन्सर माइकला लागणारी 48 व्होल्टची फँटम पॉवरही नाही. माझ्याकडे छोटा मिक्सर होता म्हणून माझे निभावले. गाणाऱ्या माणसाने पानावर विश्वास ठेवून हा लूपर घेतला तर त्याला कुजबुजीएवढा आवाज मिळेल.

‘कोणताही 9 व्होल्ट अडॅप्टर चालेल’ हे वाक्य तर धोक्याचे आहे. अडॅप्टर सोबत येत नाही, त्यामुळे माणूस घरात पडलेला शोधतो. या लूपरला पिनेच्या आत ऋण टोक लागते, आणि राउटरच्या अडॅप्टरमध्ये सहसा आत धन टोक असते. टोके उलटी पडली की यंत्र जळू शकते. बरोबर खूण लूपरच्या पाठीवर बारीक छापलेली आहे, पानावर मात्र नाही. शिवाय खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि उत्पादनाचा देश यांपैकी काहीही छापलेले नाही. वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार हे असणे बंधनकारक आहे.

घेताना मी डोळे झाकून घेतला नव्हता. बॉसचा आरसी-1 आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिटो या दोन्ही लूपरची मॅन्युअल मी वाचली होती. एकात 12 मिनिटे भरता येतात, दुसऱ्यात 5. लेहऱ्याला दोन्ही भरपूर. दोन्हींतही एकच बटण सगळी कामे करते आणि लूप थांबवायला ते लागोपाठ दोनदा दाबायचे, हे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. घरच्या वापराला माणसाला हेच कळायला हवे असते: थांबवायचे कसे, एकावर एक भरलेल्या आवाजांतला शेवटचा थर पुसायचा कसा, आणि जोड कसा ऐकू येतो. आपल्या पानावर रंग, वजन आणि धातूचे आवरण यांचे वर्णन सविस्तर आहे. थांबवण्याबद्दल एक शब्द नाही आणि जोडाबद्दल जे लिहिले आहे ते खोटे आहे. मी आपला लूपर निवडला तो ‘विनाखंड’ या शब्दावर विसंबून.

माझ्या मागण्या अशा. लूपरची पूर्ण किंमत मला परत करावी आणि नग परत नेण्याचा खर्च आपण करावा. त्याऐवजी कूपन किंवा वॉलेटमध्ये जमा केलेली रक्कम मी स्वीकारणार नाही, आणि याच मॉडेलचा तिसरा नगही नको. विक्रीपानावरून ‘विनाखंड लूप’, ‘माइक थेट लावा’ आणि ‘कोणताही अडॅप्टर’ ही विधाने काढावीत आणि अडॅप्टरचे टोक कोणते लागते ते तिथे ठळक लिहावे. शेवटचे म्हणजे, ही तक्रार ‘वापरणाऱ्याची चूक’ या कारणाने बंद केल्याची जी नोंद आपल्याकडे आहे, ती बदलावी. ती नोंद तशीच राहिली तर माझ्यानंतर तक्रार करणाऱ्यालाही आपण हेच उत्तर द्याल.

मी वर सांगितलेली तानपुऱ्याची चाचणी आपल्या गोदामातल्या कुठल्याही नगावर पाच मिनिटांत करता येईल. ती करून पाहावी. माझे म्हणणे खोटे ठरले तर त्याची ध्वनिफीत मला पाठवावी.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 1915 वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी तिथे शुल्कही लागत नाही. तशी वेळ आपण येऊ देऊ नये.

लूपर, त्याचे खोके आणि माहितीपत्रक जपून ठेवले आहे. आपला माणूस सायंकाळी सातनंतर किंवा रविवारी कधीही येऊन घेऊन जाऊ शकतो.

कळावे,
आपली ग्राहक,
मिरज

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही नगांच्या ध्वनिफिती, जोडाची छायाचित्रे, विक्रीपानाची छायाप्रत, आपल्याशी झालेला ईमेल पत्रव्यवहार.