ताईच्या लग्नाआधी एवढं एक करा

आई, बाबा,

फोनवर अर्धं बोलणं रेंजमध्येच जातं आणि ही गोष्ट अर्धवट सांगायची नाहीये, म्हणून लिहून पाठवते. बाबा, तुम्ही निवांत वाचा आणि आईला वाचून दाखवा, काकांसमोर नको, आधी तुम्ही दोघंच.

मी बरी आहे. म्बाले शहर युगांडाच्या पूर्वेला आहे, माउंट एल्गॉन नावाच्या भल्यामोठ्या डोंगराच्या पायथ्याशी. आई, इथे पण बांबूचे कोंब खातात, धुरावर वाळवून मग शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात, मालेवा म्हणतात, मला तर आपले वास्तेच आठवले. रात्री मच्छरदाणी लावूनच झोपते, गडचिरोलीच्या पोरीला ते काही शिकवावं लागत नाही.

आता खरं ते. मला इंटर्नशिपमध्ये सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराच्या क्लिनिकला टाकलंय. लेकरांचं वजन-उंची घेणं, रजिस्टर भरणं, समुपदेशनाला बाजूला बसून ऐकणं, एवढंच माझं काम. इंजेक्शन, सलाईन काही नाही, मी अजून विद्यार्थी आहे. बाहेरून आलेल्या काही पोरांना वाटतं की इथे आलो तर सगळं हाताने करायला मिळावं, मला ते अजिबात पटत नाही, आपल्या पीएचसीत कोणी परदेशी विद्यार्थी येऊन आपल्या लेकरांवर हात साफ करायला लागला तर आपल्याला चाललं असतं का?

परवा एक बाई आली होती, वर्षाच्या आतलं लेकरू, दोन्ही हात-पाय फुगलेले, बोटं एवढी सुजलेली की मूठ मिटत नव्हती. लहान लेकरात हा आजार पुष्कळदा असाच पहिल्यांदा दिसतो. सिस्टरने त्या बाईची बोटं धरून बाळाच्या डाव्या बरगडीखाली ठेवली आणि पाणथरी (प्लीहा) कुठे लागते ते दाखवलं, म्हणजे ती अचानक वाढली, लेकरू पांढरं पडलं, तर घरीच कळावं आणि धावत दवाखाना गाठावा. ती बाई परत परत चाचपून बघत होती, लेकरू रडत होतं तरी. तिचा नवरा तिला सोडून गेलाय, "आमच्या घराण्यात असं नाही, तुझ्याकडूनच आलं" म्हणून. आई, मला एकदम आपल्याच गावात बसल्यासारखं वाटलं. आणि ते खोटं आहे गं, आजार असलेलं लेकरू, म्हणजे एसएस, आई आणि बाप दोघांकडून एकेक सिकलचा जीन घेऊन येतं, एकट्या बाईकडून एसएस होतच नाही.

इथे 2014-15 मध्ये देशभरातल्या तान्ह्या बाळांचे, एचआयव्ही तपासणीसाठी कागदावर घेतलेले रक्ताचे थेंब होते, तेच वापरून सिकलसेल पण तपासलं, तर शंभरात तेराच्या वर लेकरं वाहक, म्हणजे एकाच बाजूने आलेली, निघाली. आपल्याकडे आणि इथे एवढं काहून, याचं कारण मलेरिया. जो फक्त वाहक आहे, एएस, त्याला मलेरिया झाला तरी सहसा जीवावर बेतत नाही, हे अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरने 1954 मध्ये दाखवलं, म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया तिथे हे रक्तात टिकून राहिलं. कोणाचं पाप नाही, कोणाचा शाप नाही. पण ज्याच्यात दोन्हीकडून आलं त्याच्या रक्तातल्या पेशी इळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात आणि मग ते दुखणं. आपल्या टोलीवरचा तो दादा आठवतो ना, रोवणीत दिवसभर थंड पाण्यात उभा राहिला की दुसऱ्या दिवशी हाडं दुखून उठायचा नाही, लोक कामचोर म्हणायचे, एका डॉक्टरने कितीतरी वर्षं वाताच्या गोळ्या दिल्या, तपासणी कोणी केलीच नाही. मला त्याचा आता फार राग येतो. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे, आफ्रिकेत चार ठिकाणी लेकरांवर तिचा अभ्यास झाला, त्यात हे म्बाले पण होतं, दुखणं कमी झालं, मलेरिया कमी झाला, मृत्यू पण कमी झाले. ती गोळी आपल्याकडे पण मिळते, त्याच्या आईला जिल्हा रुग्णालयात जायला सांगा, बाबा तुम्ही सोबत जाल तर फार बरं होईल.

आणि आता ताईचं. ताई एएस आहे हे शाळेच्या शिबिरातच निघालं होतं, काका म्हणतात मुलाकडच्यांना सांगू नका, सोयरीक मोडेल. बाबा, तुम्ही काकांना समजवा, तुमचं ते ऐकतात. ताईला काही आजार नाही, ती वाहक आहे, माझ्यासारखीच. फक्त मुलाचं रक्त तपासायचं, उपकेंद्रात नाहीतर पीएचसीत सोल्युबिलिटी टेस्ट फुकट होते, त्यात काही निघालं तर पुढची तपासणी जिल्ह्याला. मुलगा एए, म्हणजे वाहक पण नसलेला, निघाला तर त्यांच्या एकाही लेकराला सिकलसेलचा आजार होणार नाही, खुशाल अक्षता टाका. तो पण एएस निघाला तर दर बाळंतपणाला चारात एक धोका, मग त्या दोघांना एकत्र बसवून सगळं सांगा आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या, गरोदरपणात सुरुवातीलाच गर्भाची तपासणी पण करता येते. लपवलं तर हे काहीच करता येत नाही, आणि उद्या लेकरू दुखण्याने रडेल तेव्हा बोल ताईलाच लागेल.

मी एएस आहे म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकाकडून तरी आलंय. आई, तू ते ऐकून रडली होतीस. नको रडू. तुम्ही दोघं पण तपासून घ्या आणि काकांना सांगा की आम्ही केली, मग त्यांना पण जड जाणार नाही.

आशाताईंना विचारा, त्या सोबत येतील. काका काय म्हणाले ते रविवारी सांगा, तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की इथे साडेपाच, माझी सुट्टी असते, मी फोन करते.

तुमची,
छोटी