वेगच नव्हता म्हणून

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "अगं आई, काही नाही झालं, वेगच नव्हता." मोटारसायकल वळवताना आडवी झाली, आरशाची काच गेली, घोट्याला खरचटलं आणि मागे बसलेल्या मैत्रिणीला काही लागलं नाही. ऐकून जीव भांड्यात पडला. पण फोन ठेवल्यावर तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. सोनू, वेग नव्हता म्हणूनच गाडी पडली. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

गाडी तुला मीच शिकवली. गिअर कसे टाकायचे, आरसे कधी बघायचे, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली कसा घट्ट बसला पाहिजे, हे सगळं मी जीव ओतून शिकवलं. तू सुरुवातीला डगमगायचीस तेव्हा मी मागून ओरडायचे, "वेग धर, आपोआप सरळ होशील!" ते खरंही होतं. तू वेग धरलास आणि सरळ झालीस. तिथेच आपण दोघींनी शिक्षण संपलं असं मानलं. हळू कसं चालवायचं ते राहूनच गेलं.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकांनी लॉस एंजेलिसच्या परिसरात मोटारसायकलच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्याचा अहवाल १९८१ साली आला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच गाडी शिकलेले होते, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून. तो आकडा वाचला तेव्हा मी तुला शिकवून मोकळी झाले होते. घरचं माणूस प्रेमाने शिकवतं, पण त्याला जेवढं येतं तेवढंच. मला स्वतःलाच हळू चालवता येत नव्हतं, तर तुला कुठून शिकवणार?

आता तुझ्या त्या वळणाबद्दल. तू सांगितलं नाहीस, पण काय झालं असेल याचा मला अंदाज आहे. रस्ता वाटला त्यापेक्षा अरुंद निघाला. हँडल पूर्ण वळलेलं होतं. समोर रस्त्याची कड जवळ आली आणि नजर तिथेच खिळली. उजव्या हाताने नकळत पुढचा ब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी थांबली आणि त्याच क्षणी आतल्या बाजूला कोसळली. बरोबर ना? मी अशीच पडले आहे, एका मोकळ्या पार्किंगमध्ये, आजूबाजूला कुणीही नसताना. वर्षानुवर्षं गाडी चालवून मी चालण्याच्या वेगाला पडले, आणि कितीतरी दिवस मला त्याचं कारणच कळलं नव्हतं.

कारण असं आहे. गाडी वेगात असते तेव्हा ती आपणहून उभी राहायला बघते. ती एका बाजूला कलली की पुढचं चाक त्याच बाजूला थोडं वळतं आणि चाकं पुन्हा गाडीच्या वजनाखाली येतात. हे इतक्या चटकन होतं की आपल्याला जाणवतही नाही. आपण तोल सांभाळतोय असं आपल्याला वाटत असतं, पण बरंचसं काम गाडीच करत असते. वेग कमी होत गेला की तिची ही मदत कमी होत जाते. चालण्याच्या वेगाला तर ती जवळजवळ संपलेली असते, आणि दीडशे-पावणेदोनशे किलोचा सगळा तोल तुझ्या अंगावर येतो. त्यात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की उरलासुरला वेगही जातो आणि वजन वळणाच्या आत झुकतं. मग सावरायला काही उरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: हळू वळताना उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर नकोत. सगळी बोटं मुठीवर. थांबायचंच असेल तर आधी हँडल सरळ, गाडी उभी, मग ब्रेक. एरवी मोठ्या वेगाला पुढचा ब्रेकच खरा ब्रेक आहे, हे मी तुला शिकवलंय आणि त्यात काहीही बदललेलं नाही. मी बोलतेय ते फक्त हळू, वळलेल्या गाडीबद्दल. तिथे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, तीसुद्धा वाचवत नाही. अगदी कमी वेगाला ती काम करत नाही, आणि तसंही इथे प्रश्न चाक घसरण्याचा नसतो, तोलाचा असतो.

मग वेग आवरायचा कशाने? हाफ क्लचने आणि मागच्या ब्रेकने. पत्रातला हा भाग दोनदा वाच, कारण सगळी मेख इथे आहे. क्लच तू आजवर गाडी सुटायला आणि गिअर बदलायला वापरलास. एकदा गाडी सुटली की तू तो पूर्ण सोडतेस. पण क्लच पूर्ण दाबलेला आणि पूर्ण सुटलेला यांच्या मध्ये एक छोटीशी जागा असते, जिथे इंजिनची थोडीच ताकद चाकाला मिळते. गाडी तिथे पुढे जायला बघते, पण धाव घेत नाही. तुझ्या गाडीत ती जागा लिव्हर नेमका किती सुटल्यावर येते, हे बोटांना पाठ झालं पाहिजे. रेस थोडी चढवून एका जागी स्थिर धरायची आणि हलवायची नाही. वेग कमी हवा, क्लच जरा आत. वेग हवा, जरा बाहेर. आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक अलगद दाबून ठेवायचा. इंजिन पुढे ओढतंय, ब्रेक मागे धरतोय, या ताणात गाडी आश्चर्य वाटावं इतकी स्थिर होते. साखळी ताणलेली राहते, झटके बसत नाहीत. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा गाडी हातात आल्यासारखी वाटली. तोवर मी नुसती तिच्यावर बसत होते.

क्लच जळेल ही भीती तुला वाटेल, मलाही वाटायची. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि हळू वेगाला एवढं घासणं तो सहन करतो. काही गाड्यांचा क्लच कोरडा असतो, त्यांना हे फार वेळ करू नये. तुझा ऑइलमधलाच आहे. तरी दहा-पंधरा मिनिटं झाली की गाडी बंद करून तिला गार होऊ दे, कारण एवढ्या हळू वेगाला इंजिनला वारा लागत नाही. डाव्या हातालाही तेवढाच आराम मिळेल.

दुसरी गोष्ट नजरेची. ही सांगायला सोपी आणि करायला सगळ्यात अवघड आहे. गाडी नजरेमागे जाते. पुढच्या चाकाकडे बघितलंस तर डोकं खाली जातं, खांदे आखडतात आणि तोल जातो. कडेकडे बघितलंस तर कडेवर जाशील. यू टर्न घेताना आधी मान वळव, हनुवटी जवळजवळ खांद्याला लागेपर्यंत, आणि जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ. मधल्या रस्त्याकडे बघूच नकोस. पहिल्या वेळी वाटेल, समोर न बघता कशी जाऊ? जाशील. मान वळली की खांदे वळतात, खांद्यामागे हँडल वळतं.

आणि अंगाचं म्हणशील तर हळू वळणात गाडी आत झुकू दे, तू मात्र झुकू नकोस. तू जरा बाहेरच्या बाजूला सरक आणि बाहेरच्या फूटरेस्टवर वजन टाक. वेगातल्या वळणात आपण गाडीबरोबर आत झुकतो, इथे बरोबर उलटं. त्यामुळे गाडी जास्त झुकवता येते आणि छोट्या जागेत वळते. माझी उंची आणि माझं वजन तुला माहीत आहे. ताकदीच्या जोरावर मला ती गाडी एकदाही वळवता आली नसती.

सराव कसा करायचा ते सांगते. जपानमध्ये मोटारसायकलच्या परवान्याच्या परीक्षेत एक अरुंद पट्टी असते. १५ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि जमिनीपासून ५ सेंटीमीटर उंच. त्यावरून गाडी न्यायची. पण पटकन गेलं तर गुण कापतात! ४०० सीसीच्या गाडीला किमान ७ सेकंद लागले पाहिजेत, त्याहून मोठ्या गाडीला किमान १०. चाक पट्टीवरून खाली गेलं तर परीक्षा तिथेच संपली. हिशोब केलास तर ७ सेकंद म्हणजे ताशी ७.७ किलोमीटर आणि १० सेकंद म्हणजे ताशी ५.४ किलोमीटर, माणसाच्या चालण्याचा वेग. मला ही परीक्षा फार आवडली, कारण तिथे हळू जाणं हेच कौशल्य मोजलं जातं. ब्रिटनमध्येही रस्त्यावरच्या परीक्षेआधी बंद मैदानात अशाच गोष्टी करून दाखवाव्या लागतात: इंग्रजी आठचा आकडा, यू टर्न, चालण्याच्या वेगाने सरळ जाणं.

तू उंच पट्टी करू नकोस, खडूने दोन रेघा ओढल्या की झालं. मोकळं, सपाट मैदान बघ, जिथे वाळू, खडी, सांडलेलं ऑइल नाही. हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घाल, हो, सरावालासुद्धा. आधी सरळ जा, मग मोठे गोल, मग छोटे. सुरुवातीला गोल १० मीटर व्यासाचा ठेव आणि दर वेळी थोडा आत ये. उजवीकडे वळणं तुला डावीकडच्यापेक्षा अवघड जाईल, कारण रेस आणि ब्रेकचा हात जवळ ओढला जातो आणि मनगट आखडतं. निदान मला तरी जातं. म्हणून मी उजवीकडची वळणं दुप्पट करते. गोल जमले की आठचा आकडा. त्यात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना नजर आधी वळवावी लागते, आणि नजर खरंच वळतेय का ते लगेच उघडं पडतं.

मागे कुणाला बसवून इतक्यात वळू नकोस. तुझ्या त्या प्रसंगात मैत्रिणीचं वजन तुझ्या वजनाहून उंच आणि मागे होतं. आणि माणूस घाबरला की अंग चोरतो किंवा उलटा झुकतो. एकटीने आठ नीट निघायला लागला की मग तिला बसव. तिला आधी सांग की नुसतं तुझ्या खांद्यावरून पुढे बघायचं, दुसरं काही करायचं नाही.

सरावात गाडी एखाद-दोनदा पडेल. पडायला लागली आणि एका मर्यादेपलीकडे गेली की सोडून दे. पाय रोवून तिला धरायला जाऊ नकोस. गुडघा आणि घोटा असेच जातात. गाडीचा आरसा बदलता येतो. पडली की आधी इंजिन बंद कर. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेव, म्हणजे उभी करताना ती पलीकडे कलंडणार नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकली की चाक फिरत नाही. मग सीटला पाठ टेकव, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या पकडायच्या दांड्याला, पाठ सरळ ठेव, आणि पायांनी मागे मागे सरकत तिला उभी कर. हातांनी उचलायला गेलीस तर कंबर धरेल.

सरावाला जाण्याआधी मेकॅनिककडून दोन गोष्टी बघून घे. साखळी सैल असली की हळू वेगाला गाडी झटके देते आणि आपण आपलीच चूक समजून हिरमुसतो. टायरमध्ये हवा कमी असली की हँडल जड होतं. बाकी सगळं तुझ्यावर आहे.

आता तू विचारशील, रस्त्यावरचे मोठे अपघात याने कसे टळणार? सरळ सांगते, जोरात ब्रेक मारायचा सराव वेगळा आहे आणि तोही आपण करणार आहोत. पण हर्टच्या त्याच अहवालात असंही आहे की संकट समोर आल्यावर चालकाला बहुतेक वेळा दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं, पुढचा कमी दाबला. दोन सेकंदांत डोकं काही ठरवत नाही. हातापायांना जे आधीपासून येतं तेच होतं. क्लच, रेस, ब्रेक आणि नजर ही चारही वेगवेगळी कामं करताना तुझं डोकं मोकळं राहावं, आणि ते रिकामं डोकं समोरच्या गाडीकडे, दार उघडणाऱ्या माणसाकडे, पावसात चकाकणाऱ्या रस्त्याकडे लागावं, एवढ्यासाठी माझा हा हट्ट आहे. गर्दीत अंगाअंगाला घासून गाड्या चाललेल्या असताना पाय खाली न टेकता जी शांतपणे जाते, तिला आजूबाजूला बघायला वेळ मिळतो. मी तीस वर्षं पाय घासत गेले आणि त्या सगळ्या वेळात माझं लक्ष माझ्या पायांतच होतं.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तू "हो आई, हो आई" म्हणाली असतीस. म्हणून लिहिलं. मैत्रिणीची चौकशी करून ये, तिलाही दचका बसला असेल.

रविवारी सकाळी रेघा ओढ, १५ मीटर मोज, आणि पहिल्या खेपेला किती सेकंद लागले ते कळव. माझे गेल्या आठवड्यात ११ झाले.

तुझी,
आई