रथ ओढून झाला की वाच

आखेन, जर्मनी
रविवार, 24 ऑगस्ट

प्रिय मनी,

अनेक आशीर्वाद. (लिहिताना मलाच हसू आलं, पण आजी शेजारी असती तर तिने आधी हेच लिहायला लावलं असतं.)

व्हिडिओ कॉलवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे ग्रामसभेत बोलायचं. फोन तुझ्या हातात, आईचा अर्धा चेहरा मागे, आजीचा कान पडद्याला, आणि बाबा लांबूनच, "तिकडं पाऊस हाय का रं?" म्हणून हे पत्र. हाताने लिहून स्कॅन करून पाठवतोय. पोस्टात टाकलं असतं तर पोचेपर्यंत तुझं पहिलं सबमिशन उरकलं असतं. इथे रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान, त्यामुळे निवांत बसलोय.

तू आता पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीस, तर पहिल्यांदा कागद. मूळ दाखले एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दहा संच दुसऱ्या फाइलमध्ये. मूळ कागद कुणी ठेवून घेतला तर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. आणि फी. 2024-25 पासून कॅपमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश मिळालेल्या आपल्यासारख्या आरक्षित प्रवर्गातल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. पण ते आपोआप होत नाही. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, तोही दरवर्षी, आणि बँकेचं खातं आधारला जोडलेलं लागतं. वसतिगृहाच्या निर्वाह भत्त्याचा अर्जही तिथेच आहे. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणलास का? नसेल तर उद्याच जा. बाबांनी द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला आणि औषधांना ठेवलेले पैसे तुझ्या फीत मोडले, तर पुढे बागेवर डावणीचा रोग आला की ते कुणापुढे हात पसरतील, तुला माहीत आहे.

जेवणाचं फार सांगत नाही. पुण्यात रविवारी दुपारी खानावळीत फीस्ट असते आणि संध्याकाळी खानावळ बंद. हे मला पहिल्या रविवारी रात्री आठ वाजता कळलं. खोलीत शेंगदाण्याची चटणी आणि आईची भाकरी... नाही, भाकरी टिकत नाही, दशम्या ने. पुस्तकं नवी घेऊ नकोस, अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. एसटीला तुला निम्मंच तिकीट आहे, तेव्हा 'खर्च नको' म्हणून घरी यायचं टाळू नकोस. यूजीसीचा रॅगिंगविरोधी नंबर 1800-180-5522 फोनमध्ये आत्ताच साठव. लागणार नाही बहुतेक. तरी साठव.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

मी पहिल्या वर्षाला एम-टूत, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरात, नापास झालो होतो.

तुला माहीत नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच. बारावीला गणितात मी तालुक्यात नाव काढलेला, आणि पुण्यात गेल्यावर शेजारचा पोरगा सरांच्या आधी फळ्यावरचं उत्तर पुटपुटायचा. सर दर तासाला विचारायचे, "एनी डाउट?" मला डाउटच डाउट होते. पण ते इंग्रजीत कसे विचारायचे ते आधी मनात जुळवायचो, आणि जुळेपर्यंत सरांनी डस्टर उचललेलं असायचं. डबल इंटिग्रेशनमध्ये क्रम बदलला की मर्यादा कशा बदलतात, एवढंच अडलं होतं. सबंध सेमिस्टर तेवढ्यावर अडलो आणि पुढचं सगळं त्याच्याखाली गाडलं गेलं.

निकाल टपरीवर चहा पिताना मोबाइलवर पाहिला. तेवढ्यात बाबांचा फोन. "लागला का?" मी म्हटलं, "लागला. पास." त्या एका शब्दासाठी पुढे काय काय केलं! परत परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे हवे होते, ते मागायचे कसे? म्हणून दोन महिने संध्याकाळची खानावळ बंद केली आणि वडापाववर काढले. आईला वाटलं अभ्यासाने वाळलाय. तेही एक वेळ ठीक. पण दिवाळीत बाबांबरोबर बेदाण्याच्या मार्केटला गेलो, तर ते दिसेल त्या अडत्याला माझा हात धरून सांगत होते, "आमचा थोरला. पयल्या झटक्यात पास." त्या दिवशी मला माझाच हात सोडवून पळावंसं वाटलं.

आणि एम-टू सुटला कसा? खोलीत नांदेडचा एक मुलगा होता. एका रात्री त्याने सहज विचारलं, "तू रोज एकाच पानावर का असतोस?" मग त्याने खानावळीच्या कुपनामागे एक तिरकी रेघ आणि एक पॅराबोला काढला. आधी क्षेत्राचं चित्र काढायचं, आडवी पट्टी घ्यायची की उभी ते ठरवायचं, मग मर्यादा लिहायच्या. वीस मिनिटं लागली. मी विचारलं असतं तर त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं, तो माझ्यापासून चार फुटांवर झोपायचा.

इकडे आल्यावर हे जास्तच कळलं. इथे साधारण एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की तो अभ्यासक्रमच बंद. त्यामुळे पोरं लाजत नाहीत. प्राध्यापकांची भेटीची वेळ दारावर लावलेली असते, लोक रांगेने जातात आणि अगदी बावळट प्रश्न विचारून येतात. मी पहिले दोन आठवडे त्या दारावरून नुसताच फिरलो. मग मोडक्या जर्मनमध्ये प्रश्न कागदावर लिहून नेला आणि तो कागदच पुढे केला. त्यांनी वाचला, खुर्ची दाखवली. बस्स, एवढंच असतं ते.

तू पहिल्या आठवड्यात एक तरी शंका विचार, आणि खुशाल मराठीत विचार. पुण्यातले निम्मे सर घरी मराठीतच ओरडा खातात. एखादा पेपर गेला तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी घरी फोन कर. पैसे कमी पडले तर आधी मला सांग. विद्यापीठात तासावर काम करतो, त्यातून फॉर्मची फी सहज निघते. आणि मला 'पास' असं एका शब्दात सांगायचं नाही. मी लगेच ओळखेन.

वर 'आता ज्यासाठी' या ओळीनंतर एक वाक्य गिरवून खोडलंय, ते तुला दिसेल. तिथे 'हे बाबांना दाखवू नकोस' असं होतं. दाखव. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ ओढून आले की ते ओट्यावर पाय पसरून बसतात, तेव्हा एम-टूचं पान वाचून दाखव. चिडले तर मला फोन लाव आणि त्यांच्या हातात दे. तुमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे इथे दुपारचे साडेतीन. मी उचलेन.

आजीला नमस्कार.

तुझा,
दादा

ता. क. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत माझा ड्रॉइंगचा ड्राफ्टर आहे. त्याचा एक स्क्रू ढिला आहे, बाबांकडून आवळून घे.