डबा ट्रॉलीवर ठेवा, दाराआड नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून एक फोटो येतो, कचऱ्याच्या ढिगात वापरलेल्या सिरिंजा, सलाईनच्या नळ्या, नि त्यात तोंड घालणारं एखादं कुत्रं. खाली हलगर्जीपणा वगैरे छापलेलं असतं. बातमी खोटी नसते, पण २६ वर्षं नर्सिंग केल्यावर मला तो फोटो बघून दरवेळी वाटतं की अहो, तुम्ही फार उशिरा पोचलात, चूक तर वॉर्डातच होऊन गेली होती.

वॉर्डातलं सांगते. इंजेक्शन देऊन झालं की सिस्टरच्या एका हातात कापूस असतो आणि दुसऱ्यात उघडी सुई, मागून नातेवाईक विचारतायत डॉक्टर कधी येणार, पलीकडच्या कॉटवरचं सलाईन संपत आलंय. अशा वेळी सुई टाकायचा डबा हाताशी असला तर सुई सिरिंजसकट आत गेली, विषय संपला. पण डबा असतो ड्युटी रूममध्ये दाराआड, का तर वॉर्डात तो बरा दिसत नाही म्हणे! मग ती उघडी सुई घेऊन अख्खा वॉर्ड ओलांडणार का? नाही, ती टोपण लावते. दोन्ही हातांनी. आणि नेमकी तिथेच टोचते, कारण टोपणाचं तोंड ते केवढंसं आणि डोकं भलतीकडेच. टोपण परत लावायचं नाही हे शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात, अगदीच वेळ आली तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यायचं. माहीत सगळ्यांना असतं हो. डबा लांब असला की माहिती काही कामाची राहत नाही.

मलाही टोचली होती. नोकरीचं चौथं वर्ष, नाइट ड्युटी, डाव्या हाताचं बोट, ग्लोव्हच्या आत रक्ताचा एवढासा ठिपका. मी काय केलं तर बोट दाबून दाबून रक्त काढलं नि वरून स्पिरिट ओतलं. दोन्ही चुकीचं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं चोळायचं काही नाही. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे कुणाला सांगितलं नाही, कारण इन्चार्ज बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, लक्ष कुठे होतं तुझं? आता हिशेब बघा. लस घेतली नसेल आणि सुईवर हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा विषाणू) असलेलं रक्त असेल तर लागण व्हायची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाते, हिपॅटायटिस सी ची साधारण १.८ आणि एचआयव्हीची ०.३. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या लगेच, फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. मी ते ७२ तास बोलणी खायच्या भीतीने घालवले. पुढे तपासणी नीट आली, पण तोवरचे सहा महिने कसे काढले ते मलाच ठाऊक.

आणि मी तरी सिस्टर, मला निदान काय झालं ते कळत होतं. आमच्याकडे कचरा उचलायला एक मावशी होत्या, कॉन्ट्रॅक्टवरच्या. पिशवीला गाठ मारायच्या आधी आतली हवा काढायला वरून तळहाताने दाबायच्या, मग पिशवी मांडीला टेकवून जिना उतरायच्या. सगळीकडे असंच उचलतात, जड पिशवी दुसरी धरणार कशी? एकदा सुई पिशवीतून आरपार मांडीत गेली. मला म्हणाल्या, "काही नाही हो सिस्टर, मुंगी चावल्यागत झालं." कुठल्या पेशंटची सुई हे सांगायचं कुणी? त्या पिशवीत चार वॉर्डांचा कचरा होता. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा जिवंत राहतो, म्हणजे सुई कालची का परवाची याने काही फरक पडत नाही. लसीचे तीन डोस आम्हा सगळ्यांना मिळाले होते, मावशींना नाही, त्या स्टाफ लिस्टमध्ये नव्हत्या ना. सगळ्यात जास्त सुया ज्यांच्या हाताखालून जातात तेच लिस्टमध्ये नाहीत, हा काय प्रकार आहे मला आजवर कळलेलं नाही.

बरं, डबा असतो तोही कसा. पाऊण भरला की बंद करून बदलायचा असा नियम आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे, कारण गच्च भरलेल्या डब्यात सुई टाकणारा माणूस ती आत ढकलतो, नाहीतर डबा हलवून जागा करतो, आणि वरच्या तोंडातून दोनचार सुया बाहेर डोकावत असतात. पण नवीन डब्याचं इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, दिला की स्टोअरवाले सांगणार, आधीचा भरू द्या. भरलाय म्हटलं तर अजून बसतील की! मग कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली कापून ठेवतं. त्या प्लास्टिकमधून सुई सहज बाहेर येते, त्यापेक्षा डबा नसलेला बरा, निदान माणूस जपून तरी वागतो.

कचरा वेगळा करायचं म्हणाल तर हॉस्पिटलच्या एकूण कचऱ्यात साधारण ८५ टक्के घरच्यासारखाच असतो, कागद, खोकी, उरलेलं अन्न. धोक्याचा फक्त १५ टक्के. पण एक सुई नाहीतर रक्ताचा एक बोळा त्या साध्या पिशवीत पडला की अख्खी पिशवी धोक्याची झाली. आणि मग कंटाळून मागच्या खड्ड्यात सगळंच पेटवतात. प्लास्टिक असं कमी आचेवर जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं निघतात, धुराने डोळे चुरचुरतात ते वेगळंच, आणि सुया काही जळत नाहीत, त्या राखेत तशाच राहतात. ऑटोक्लेव्ह नावाच्या मशीनमध्ये १२१ डिग्रीला वाफ देऊन जंतू मारून मग प्लास्टिकचे तुकडे करता येतात, धूर नाही काही नाही, पण ते मशीन बंद पडलं की दुरुस्तीची वाट बघत बसायचं, आणि तोवर खड्डा आहेच.

एक गैरसमज मात्र मला या पत्रातून काढायचाच आहे, कारण तो शिकलेल्या लोकांतही आहे. सुई बदलली, आता सिरिंज तीच चालेल. नाही चालणार! सुई काढताना थोडं रक्त मागे सिरिंजमध्ये ओढलं जातं, डोळ्यांना दिसतही नाही. अमेरिकेत लास व्हेगासला २००८ मध्ये एका क्लिनिकचं हेच उघडकीला आलं. एकाच पेशंटला भुलीचा जादा डोस द्यायला सुई नवीन लावायचे पण सिरिंज तीच, ती परत औषधाच्या बाटलीत जायची आणि तीच बाटली पुढच्या पेशंटला. चाळीस हजारांवर लोकांना बोलावून तपासणी करून घ्या म्हणून सांगावं लागलं. तेव्हा पैसा नाही म्हणून हे होतं असं कुणी म्हणू नये. दुसरीकडे कंबोडियात रोका नावाच्या गावात २०१४ मध्ये परवाना नसलेल्या एका माणसाच्या सुयांनी दोनशेच्या वर लोकांना एचआयव्ही झाला, त्यात लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती.

आता आपलीही थोडी चूक बघू. जगात वर्षाला निदान १६ अब्ज इंजेक्शनं दिली जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यात लसीची जेमतेम ५ टक्के. बाकीच्यांतली कितीतरी नुसत्या गोळीवर भागली असती. पण इंजेक्शन दिलं नाही तर डॉक्टरांनी काही केलंच नाही असं पेशंटला वाटतं, आणि डॉक्टरही वाद नको म्हणून देऊन मोकळे होतात. जे इंजेक्शन दिलंच नाही त्याची सुई कुणाला टोचत नाही, कचऱ्यातही जात नाही.

सुधारणा होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दूषित इंजेक्शनांमुळे २००० साली जगात सुमारे २ कोटी १० लाख लोकांना हिपॅटायटिस बी झाल्याचा अंदाज होता, २०१० चा अंदाज १७ लाखांपर्यंत खाली आला. एकदा वापरली की दट्ट्या आपोआप लॉक होतो त्या सिरिंजांचाही यात हात आहे. लसीकरणात त्या कधीच्या आल्यात, औषधाच्या इंजेक्शनलाही त्याच वापरा असं आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. पण लॉक झालेल्या सिरिंजची सुई तितकीच टोकदार असते, ती मावशींना टोचायची राहत नाही, म्हणून डबा लागतोच. आणि टोचलं असं कुणी येऊन सांगितलं तर आधी बोट धुवायला लावा, गोळ्यांचं बघा, ओरडायचं असेल तर पुढच्या आठवड्यात ओरडा.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी तुमचा फोटोग्राफर निघाला की त्याला म्हणावं ढिगाकडे नंतर जा, आधी वॉर्डात जाऊन इंजेक्शनच्या ट्रॉलीपासून डब्यापर्यंतची पावलं मोज आणि तो आकडा छाप. माझ्या शेवटच्या वॉर्डात १९ होती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त सिस्टर