जाळीपलीकडचा माणूस

वसई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "तुमचं बरं आहे, फादरच्या कानात सांगितलं की पाप फिटलं." तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली देणं, इतकं स्वस्त नाही रे. चोरी कबूल केली तर चोरलेलं परत करावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरावी लागते. पश्चात्ताप खरा वाटला नाही तर धर्मगुरू पापक्षमा रोखूनही धरू शकतो. पण मला सांगायचंय ते ऐकणाऱ्याबद्दल. त्याच्यावर काय पडतं, हे सहसा कुणी बघत नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये रांगा लागतात. फादर गळ्यात जांभळा पट्टा घालून, कन्फेशनच्या खोक्यातल्या जाळीला कान लावून, डोळे मिटून बसलेले असतात. ऐकलेलं पोलिसांना सांगायचं नाही, बिशपांनाही नाही. बाहेर तोच माणूस भेटला तरी त्याच्या संमतीशिवाय विषय काढायचा नाही. १२१५ मध्ये भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने गुपित फोडणाऱ्याला पदावरून काढून जन्मभर कडक मठात ठेवायची शिक्षा ठरवली होती. आजही जो जाणूनबुजून थेट फोडेल तो आपोआप बहिष्कृत होतो.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो फ्रान्सचा संत जाँ-मारी व्हिआने. धर्मगुरू व्हायला लागणारं लॅटिन डोक्यात शिरेना, त्यामुळे ती दीक्षा मिळते की नाही अशी अवस्था. १८१८ मध्ये त्याला आर्स नावाच्या, जेमतेम अडीचशे वस्तीच्या खेड्यात पाठवलं. पुढे फ्रान्सभरातून माणसं त्याच खेड्याकडे लोटली. शेवटच्या वर्षांत तो दिवसाचे सोळा-सोळा तास त्या अरुंद खोक्यात बसे, हिवाळ्यात गारठत, उन्हाळ्यात घुसमटत. १८५९ मध्ये वारला, तोवर हेच चाललं होतं. आणि तो करायचा काय, तर मोठ्या पाप्याला लहानसं प्रायश्चित्त द्यायचा आणि उरलेलं स्वतः भरायचा, उपास काढून, रात्री प्रार्थनेत जागून. दुसऱ्याचं ओझं असं गुपचूप आपल्या अंगावर घेणारा माणूस मला न्यायाधीशापेक्षा आईबापाच्या जवळचा वाटतो.

तू विचारलंस, मग फादरचं कोण ऐकतं? दुसरे फादर. पोपही त्यातून सुटत नाहीत. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये लोकांची कन्फेशन्स ऐकायला निघाले होते; त्याआधी ते एका साध्या धर्मगुरूकडे गेले आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले.

काकूंना नमस्कार सांग. उत्तर लिही, फोन नको.

तुझाच