मताधिकार अठराव्या वर्षी, मतदान मात्र तेविसाव्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत लातूर मतदारसंघाचे मतदान मंगळवारी, 7 मे रोजी झाले आणि त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा झाली. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड अशा आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली हजारो मुले-मुली लातुरात खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्यांच्या फेऱ्यात असतात. त्यांतील ज्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली होती, त्यांतील अनेकांची नावे गावाकडच्या मतदार यादीत होती. नांदेड, परभणी आणि हिंगोलीचे मतदान 26 एप्रिलला, म्हणजे परीक्षेच्या अवघे नऊ दिवस आधी होते. कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारा शिक्षक असूनही ‘अभ्यास बाजूला ठेव आणि गावी जाऊन मत देऊन ये’ असे मी त्यांच्यापैकी एकालाही ठामपणे सांगू शकलो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे 4 जूनला देशाची मतमोजणी सुरू असतानाच नीटचाही निकाल लागला. तो 14 जूनला लागेल असे आधी जाहीर झाले होते. त्यानंतरचे वाढीव गुण, पेपरफुटीचे आरोप, सर्वोच्च न्यायालयातील सुनावण्या आणि 23 जुलैला फेरपरीक्षेस मिळालेला नकार हे सारे वाचकांच्या स्मरणात असेल. परीक्षा घेणारी संस्था केंद्राची, धोरण केंद्राचे, जाब विचारायचा तो संसदेत. आणि ही परीक्षा मात्र सतराव्या वर्षापासून देता येते. तेवीस लाखांहून अधिक परीक्षार्थींपैकी ज्यांची अठरा वर्षे भरली नव्हती, त्यांना आपला खासदार निवडण्यात काडीचाही वाटा नव्हता. राष्ट्रीय राजकारण हा या मुलांचा विषय नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी त्या जून महिन्यात लातूरच्या शिकवणी परिसरातून एक चक्कर मारायला हवी होती.

मतदार जागृतीच्या नावाखाली आपण या मुलांना जे काम देतो, तेही पाहण्यासारखे आहे. निवडणूक आली की शाळा-महाविद्यालयांतून संकल्पपत्रे वाटली जातात. ‘मी मतदान करीन’ अशा मजकुराखाली पालकांची सही आणायची आणि वर्गशिक्षकांकडे जमा करायची. त्या वेळी अकरावीतील एका विद्यार्थिनीने मला सांगितले, “सर, सही आणली, पण मत कशाकडे बघून देणार असं विचारलं तर वडील म्हणाले, तुला काय करायचंय?” सही गोळा करण्यापुरती ती लोकशाहीत होती, प्रश्न विचारताच बाहेर झाली. वडिलांना मी दोष देत नाही, कारण तिच्या हाती तो कागद देताना आम्ही शिक्षकांनीही तिला याहून अधिक काही सांगितले नव्हते.

माझा जन्म जून 1970 चा. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, ती 28 मार्च 1989 पासून लागू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मी मतपत्रिकेवर पहिला शिक्का मारला. मिसरूड न फुटलेल्या पोरांना राज्यकारभारातले काय कळते, हे वाक्य तेव्हा आमच्या गावच्या पारावर मी कितीदा तरी ऐकले. जुनाच नियम राहिला असता, तर 1 जानेवारी 1991 रोजी माझी एकवीस वर्षे पूर्ण नसल्याने त्या वर्षीची निवडणूकही माझ्या हातून गेली असती आणि थेट 1996 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, मी प्रथम खासदार निवडला असता. वयाची अट आणि वय मोजण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो हिशेब मांडताना माझ्या लक्षात आले. पहिलीवर भरपूर वाद होतात. दुसरीकडे कुणी पाहतही नाही.

ही तारीख पूर्वी वर्षातून एकच, 1 जानेवारी, होती. 2021 च्या दुरुस्ती कायद्याने तिच्या जोडीला 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या तारखा आल्या, सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज भरण्याची सोयही झाली, आणि ही सुधारणा खरोखरच चांगली आहे. तरीही 2 एप्रिल 2006 रोजी जन्मलेला लातूरचा मुलगा 7 मे 2024 या दिवशी कायद्याने सज्ञान होता, वाहन चालवण्याचा परवाना काढू शकत होता, करारावर सही करू शकत होता, पण मत देऊ शकत नव्हता. लोकसभेची पुढची निवडणूक ठरल्या वेळी, 2029 मध्ये झाली, तर त्याचे पहिले मत तेविसाव्या वर्षी पडेल. विधानसभेसाठी त्याला 2024 च्याच नोव्हेंबरमध्ये संधी मिळाली, हे खरे. परंतु नीट किंवा केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची सीयूईटी अशा परीक्षांचा निर्णय विधानसभेत होत नाही.

यावर उपाय साधा आहे. ब्रिटनमध्ये लवकरच अठरा पूर्ण होणाऱ्यांची नावे जन्मतारखेच्या नोंदीसह आधीच यादीत घेतली जातात आणि मतदानाच्या दिवशी अठरा पूर्ण असतील तर त्यांना मत देता येते. आपल्याकडेही आगाऊ अर्ज स्वीकारण्याची व्यवस्था उभी आहेच. यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही, कारण अनुच्छेद 326 मध्ये वय अठरा असले तरी ते कोणत्या तारखेस मोजायचे, हे कायद्यावर सोडलेले आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल करून ‘मतदानाचा दिवस’ हीच ती तारीख ठरवता येईल. आपल्या राज्यातील खासदारांपैकी कुणी एकाने तरी असे खासगी विधेयक मांडावे.

वय सोळावर आणण्याविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. ऑस्ट्रियाने 2007 मध्ये ते केले, स्कॉटलंडने 2014 च्या सार्वमतात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत दिले, ब्राझीलमध्ये तर 1988 च्या राज्यघटनेपासून सोळा आणि सतरा या वयात मतदान ऐच्छिक आणि अठरानंतर सक्तीचे आहे. यातली ब्राझीलची पद्धत मला अधिक भावते, कारण ज्याला खरोखर रस आहे तो आपणहून येतो. मुले रील पाहून मत देतील, हा आक्षेप मात्र मी मनावर घेत नाही. रील पाहून मत ठरवणाऱ्या पन्नाशीच्या मंडळींची संख्या माझ्याच नात्यागोत्यात कमी नाही. पक्ष या मुलांना झेंडे देऊन मिरवणुकीत पुढे करतील, ही भीती खरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये आणि निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये अल्पवयीनांना प्रचारात वापरण्यास मनाई केली, ती योग्यच होती. परंतु घोषणा देण्यासाठी मुलांना वापरणे आणि मुलांनी आपणहून प्रश्न विचारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मनाई पहिल्या गोष्टीला आहे, आणि तिच्या धाकाने अनेक संस्था दुसऱ्या गोष्टीलाही दार लावून घेतात.

म्हणून निवडणूक यंत्रणेला एक विनंती आहे. मतदार साक्षरता मंडळे 2018 पासून शाळा-महाविद्यालयांतून स्थापन झाली आहेत. रांगोळी, घोषवाक्ये आणि प्रभातफेरी यांपलीकडे त्यांनी जावे. प्रत्येक तालुक्यात सर्व उमेदवारांना एकत्र बोलावून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर एक प्रश्नोत्तरांची सभा प्रशासनाच्याच देखरेखीखाली घ्यावी. तेथे झेंडे, उपरणी, हारतुरे नकोत. प्रश्न विद्यार्थ्यांनी आधी लिहून द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून निवडावेत, म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून विचारल्याचा संशय राहणार नाही. त्याच जागी मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 6, भरून घेणारा टेबल असावा, आणि बाहेरगावाहून शिकायला आलेल्यांना वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवण्याची मुभा आहे, हे तेथे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. ही माहिती माझ्या विद्यार्थ्यांना नव्हती. खरे सांगायचे तर 2024 च्या एप्रिलपर्यंत ती मलाही नव्हती.

2029 मध्ये बारावीला असणारी मुले आज माध्यमिक शाळेत आहेत. तोपर्यंत मी निवृत्त झालेलो असेन. पण अशी सभा लातुरात ठरलीच, तर प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करायला मी आनंदाने येईन.

आपला,
राज्यशास्त्राचा एक अध्यापक, लातूर